बुटक्या खुर्चीतून दिसणारं जंगल

अडीच इंच

"जंगल कुठंय, भावजी?"

"तुझ्यासमोर."

"हे? मला वाटलं भाजीचा वाफा आहे."

मेहुण्याने शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी काढली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो छत्तीस वर्षं नकाशे काढत होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पट्टी खिशातून गेली नव्हती. त्याने ती माझ्या नव्या झाडाशेजारी उभी धरली. हात थरथरत होता, आकडा वाचता येईना, म्हणून त्याने पट्टीचं टोक टेबलावर दाबून धरलं.

"अडीच. जुनी पाच होती."

"जुनी गेली रे. पाला गळायला लागला होता."

"सगळ्यांचा एकाच आठवड्यात? आणि दोन झाडांच्या मध्ये चार-चार बोटं मोकळी. जंगलात रस्ता रुंदीकरण काढलंत वाटतं."

मी हसलो. तो हसला नाही.

दर शनिवारी दुपारी आम्ही लढतो. जेवणाच्या टेबलावर टेकड्या, ओढा, एक पूल, आणि माझ्या डाव्या हाताला जंगल. शिशाचे सैनिक, बोटाच्या एका पेराएवढे. त्याचे निळे, माझे खाकी. किती पुढे सरकायचं ते पट्टीने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फासे सांगतात. नियम तीनच. दुसऱ्याच्या सैनिकाला हात लावायचा नाही. जो आडवा पडला तो मेला, मग तो गोळीने पडो की बाहीने. आणि गोळी फक्त दिसणाऱ्यावर झाडायची. दिसतो की नाही ते बसल्या जागेवरून ठरवायचं, उभं राहून वरून डोकावायचं नाही.

त्यासाठी आम्ही दोन खुर्च्यांचे पाय करवतीने कापलेत. बसलं की डोळे टेबलाच्या काठाच्या जरासे वर येतात.

त्या शनिवारीही त्याने आपले बारा जण जंगलात घातले. एकतीस वर्षं तो हेच करतो. मी स्वयंपाकघराच्या दारातून चोरून बघत होतो. त्याचा हात झाडांमध्ये बारा वेळा गेला, बारा वेळा बाहेर आला. एकही झाड पडलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग खुर्चीत बसलो आणि पाहिलं. खोडांच्या मधून बारा संगिनी. फटींमधून बारा टोप्या.

"दिसतायत?" त्याने विचारलं.

"अं… तसं म्हटलं तर…"

"भावजी, दिसतायत की नाही?"

"दिसतायत."

"मग मारा ना. वाट कसली बघताय?"

मी फासे टाकले. तीन डावांत बारा जण गेले. एकेकाला तो स्वतःच आडवा करत होता. आडवं करायला त्याचा हात अजून पुरत होता.

"जुनी झाडं कुठंयत?"

"टाकली."

"ताईने केलेली झाडं तुम्ही टाकणार? खोटं बोलताना तरी जरा नीट बोला."

सैनिकांची पेटी त्याने बंद केली. कडी लागायला वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दारात चपला घालताना तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी ती झाडं असतील तर येतो. नाहीतर तुमच्या बागेत तुम्ही एकटेच फिरा."

बारा इंच

अगदी पहिल्या वर्षी आम्ही खरीखुरी झाडं करायला निघालो होतो. मेहुणा म्हणाला, प्रमाण म्हणजे प्रमाण. खरं झाड माणसाच्या दहा-बारा पट असतं, म्हणजे सैनिक इंचभर असेल तर झाड फूटभर. त्याने कागदावर काढून दिलं, मी तारेने वळलं. तीन झाडं उभी केली तर टेबल संपलं आणि दिव्याची काच फुटली.

"अगदी बरोबर आहे प्रमाण," तो म्हणाला.

"हो का?" माझी बायको म्हणाली. "मग लढाई अंगणात घ्या."

पाच इंच

शेवटी माप तिनेच ठरवलं. जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार सोडवून तिने खोडं पिळली, भांडी घासायचा स्पंज फाडून, रंगात बुडवून पाला केला. एक सैनिक शेजारी ठेवला आणि डोळे बारीक करून बघितलं.

"माणसाच्या पाचपट बास. याहून मोठं झालं तर पुसायला माझा हात आत जायचा नाही. याहून लहान केलं तर तुमचा माणूस लपायचा नाही."

"पण ताई, हे प्रमाणात चूक आहे," भाऊ म्हणाला.

"दिसायला बरोबर आहे ना? मग गप बस, सेनापती."

तेव्हापासून तो सेनापती. मला तिने कुठलाच हुद्दा दिला नाही. मी तिच्या शेजारी त्या बुटक्या खुर्चीवर जेवायला बसायचो, ताटावर हनुवटी टेकल्यासारखा. ती मात्र स्वतःच्या उंच खुर्चीवरून वाढायची आणि हसायची.

सहा वर्षं झाली तिला जाऊन. शनिवार राहिला. आठवड्यात माझं दार वाजतं ते तेवढ्या एका दिवशी.

चार बोटं

मी कवळ्या करायचो. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, मी मेणात दात लावायचो. चाळीस वर्षांत एक गोष्ट कळली. मोजून केलेला दात मापात बसतो, पण तोंडात परका दिसतो. दात चेहरा बघून निवडायचा असतो.

हे मला कळत होतं. तरीही मी मोजलं.

वर्षभरापूर्वी त्याच्या हाताला कंप सुटला. ज्या हाताने तो पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचा, त्याच हाताने झाडं पडायला लागली, आणि झाडाखाली त्याचेच सैनिक. आडवा पडला तो मेला. एका शनिवारी माझी एकही गोळी न लागता त्याचे पाच जण मेले.

"चुकून पडलेला धरायचा नाही," मी म्हणालो.

"का?"

"असंच. म्हाताऱ्यांसाठी सवलत."

"नियम बदलायचा तर मला सांगू नका, भावजी. सरळ खेळ बंद करा."

तो बंद होईल, हीच तर माझी भीती होती. म्हणून नियम तसाच ठेवला आणि जंगल तोडलं. चहा घेताना मी त्याचा कप बघत राहिलो. हात इकडून तिकडे किती जातो? दोन बोटं. दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त धरू. चार. झाडं इतकी ठेंगणी की मनगट वरून जावं. बुडाला कवळीचा गुलाबी मसाला ओतला, वर हिरवा रंग दिला, म्हणजे धक्का लागला तरी पडायला नको. महिनाभर राबलो. हाताचा विचार केला, मनगटाचा केला. आत उभ्या राहणाऱ्या माणसांचा विचार तेवढा राहिला.

पुन्हा पाच

माळ्यावरून जुन्या झाडांचा डबा काढला. झाडं पुसली, गळालेल्या पाल्याच्या जागी नवा स्पंज चिकटवला आणि पूर्वीसारखी दाट लावली.

तो आला, खुर्चीत बसला, डोळे टेबलाच्या काठाशी नेले आणि बराच वेळ तसाच राहिला.

"आता कसं," तो म्हणाला. "जा, चहा टाका."

हा आमचा रिवाज. तो जंगलात माणसं लपवतो तेव्हा मी स्वयंपाकघरात जातो.

मी आधण ठेवलं. बाहेर एक झाड पडलं. मग दोन. शिशाचा बारीक आवाज झाला. तो स्वतःलाच काहीतरी बोलला. पुन्हा झाड. मी साखर घातली. घातली होती की नाही ते आठवेना, म्हणून परत घातली. पुन्हा शिशाचा आवाज, या वेळी एकापाठोपाठ एक, सगळी रांगच कोसळल्यासारखा.

"सेनापती, येऊ का?"

"आलात तर हरलात!"

चहा आटून निम्मा झाला. मी पुन्हा पाणी घातलं. बाहेर आता अजिबात आवाज नव्हता. आवाज होत होते तोवर मी बरा होतो.

"झालं," तो शेवटी म्हणाला.

मी बाहेर आलो. त्याच्या कपाळावर घाम होता. झाडं सगळी उभी, एकमेकांना खेटून. मी खाली बसून पाहिलं. आतलं काहीच दिसत नव्हतं, टोपीसुद्धा नाही.

त्याने दोन्ही हातांनी कप धरला, एक घोट घेतला. "चहा आहे की पाक?"

"पी मुकाट्याने."

दुपारभर आम्ही पुलासाठी भांडलो. दर डावाला मी विचारायचो, "जंगलातले?"

"थांबलेत."

"गोळी नाही झाडत?"

"तुम्ही जवळ या ना. मग बघा."

मी गेलो नाही. डावीकडचे माझे वीस जण जंगलापासून सहा इंचांवर अखेरपर्यंत नुसते उभे होते. इकडे त्याने पूल घेतला. फासे त्याच्या बाजूने होते, आणि तो बहिणीसारखा खांदे हलवून हसत होता. असं हसताना मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"घाबरलात ना, भावजी?"

"घाबरलो."

"कबूल करा मोठ्याने."

"घाबरलो रे बाबा! बारा जण आहेत तुझे आत."

"हं," तो म्हणाला. पट्टी खिशात ठेवली. दोनदा हुकली, तिसऱ्यांदा गेली. "राहू दे असंच मांडलेलं. उरलेलं पुढच्या शनिवारी."

शुक्रवार

सकाळी त्याच्या मुलीचा, माझ्या भाचीचा, फोन आला. दाढी करता करता न्हाणीघरात पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

उभं राहून

भाची तीन आठवड्यांनी आली. मी तोवर टेबल हलवलं नव्हतं. जेवण स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्यानेच.

"आतोबा, बाबांचे सैनिक न्यायला आलेय. काचेच्या कपाटात लावीन म्हणते." तिने बुटक्या खुर्चीकडे पाहिलं. "यात कसे बसता तुम्ही? लहानपणी मला वाटायचं, तुम्हा दोघांना शिक्षा झालीय."

"तुझ्या आत्यालाही तसंच वाटायचं."

मी माझ्या खुर्चीत बसलो. तिने रिकामी पेटी उघडली आणि टेबलावरचे निळे सैनिक मोजले. "अठ्ठेचाळीस. बारा कमी आहेत."

"जंगलात असतील."

ती टेबलाच्या त्या बाजूला गेली. तिला आमचे नियम कुणी शिकवले नव्हते. ती उभी राहिली आणि वरून वाकली.

"आहेत. पण हे सगळे आडवे का ठेवलेत?"

मी फासे मुठीत घेतले.

"पडलेले नाहीत हं. ठेवलेत. एका ओळीत, पाय एकीकडे, टोप्या एका रेषेत. पट्टी लावल्यासारखे." तिचा हात झाडांवरून खाली निघाला. "उभे करू?"

"नको."

"नुसते उभे करते, आतोबा."

"दुसऱ्याच्या सैनिकाला हात लावायचा नाही."

तिने हात मागे घेतला. बापाच्या पेटीची कडी लावली, ती पहिल्या झटक्यात लागली. "मग नेऊ कधी?"

"डाव संपला की."

"पाळी कुणाची आहे?"

"माझी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपला चहाचा रिकामा कप उचलून विसळायला आत गेली. नळाचा आवाज येऊ लागला.

मी माझी पट्टी घेतली. डावीकडचे वीस खाकी सैनिक एकेक करून चार इंच मागे सरकवले, जंगलापासून लांब. उठलो नाही. बसल्या जागेवरून झाडं गच्च होती, आणि आतलं काहीही दिसत नव्हतं.