सील झालेला रजेचा अर्ज

वितळणाऱ्या लाखेचा तो उग्र, किंचित गोडसर वास आला की मला गुरुदास दिसतो. लिफाफ्यावरच्या तांबड्या थेंबावर मोहोर उमटवण्याआधी, तान्ह्याच्या कपाळावर घालावी तशी हळुवार फुंकर घालणारा. दोघेही गोव्याचे; तो डिचोलीकडच्या पाळी गावचा, मी पेडण्यातल्या तुयेचा. खाणीच्या लाल धुळीत वाढलेल्या त्याच्या नखांच्या कडा सीमेवरच्या आमच्या कृती दलाच्या बर्फाळ तळावरही तांबूसच भासत. धुक्यात विरलेल्या त्या निस्तेज उजेडात, पत्र्याच्या कचेरीत, तेवढाच एक रंग जिवंत असे.

गोपनीय टपाल माझ्या ताब्यात, तो माझा मदतनीस; साधे टपाल तोच उघडी. गोपनीय कागद एकात एक अशा दोन लिफाफ्यांतून जात. आतला लिफाफा एकदा सील झाला की ज्याच्या नावे आहे त्यानेच तो फोडायचा, हा नियम. एका सकाळी आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि त्याने रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मुख्यालयाचे कागद आवरताना तो मी नकळत त्यांच्यातच सरकवला. गुरुदासने नेहमीच्याच निगुतीने त्या लिफाफ्यावर लाख ओतली. दुपारी माझ्या ध्यानात आले. साहेबांना सांगून, त्यांच्यासमक्ष सील फोडता आले असते. पण गोपनीय लिफाफ्यात भलता कागद गेल्याची नोंद माझ्या नावावर राहिली असती, आणि बढती तोंडावर होती. दुसरा अर्ज मागावा, तर पहिल्याचे काय झाले ते सांगावे लागले असते. मी गप्प बसलो. टपालाची थैली मुख्यालयाकडे निघून गेली.

"भाऊ, सायबाचें पेन सुकलें काय?" तो रोज हसून विचारी.

"सायबाकडेच आसा रे अर्ज."

पाचव्या दिवशी आई गेल्याचे कळले. नवा अर्ज तासाभरात मंजूर झाला. तो घरी पोचला तेव्हा चिता विझून गेली होती.

परतलेला गुरुदास म्हणजे पानही न हलणारी शिशिरातली दुपार. काम तेच, हात तेच. काम करताना घालायची शीळ मात्र तो कायमची विसरला. त्याने काही विचारले नाही. मला बढती मिळाली.

गेल्या महिन्यात, दोघेही निवृत्त झाल्यावर, पाळीला त्याच्या अंगणात बसून मी सारे सांगितले. आवाज कापला नाही. आत काही हललेच नाही. सुपारी कातरत तो ऐकत राहिला.

"तो अर्ज मुख्यालयांतल्यान परत आयिल्लो, भाऊ. सादें टपाल हांवच उगडटालों मरे." अडकित्ता थांबला. "तुमीच सांगतले म्हणून वाट पळयत रावलों. इतलीं वर्सां!"

मग कातरलेली सुपारी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. हलके वाटले नाही, जडही नाही.

जिला मी कधी पाहिले नाही, त्या बाईचे नसणे आम्ही दोघांनी, एकमेकांना न सांगता, कचेरीच्या त्या एकाच खोलीत बसून सांभाळले. काळ पुढे सरकतो म्हणतात, तो बहुधा त्या खोलीबाहेर सरकत असावा.