उसाच्या मळ्यातला तुंबा

मित्रांनो, वय विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी एक जुना, तीन तारांचा तुंबा आहे, एवढं मात्र खरं. माझा जन्म या बेटावरचा. पण मला घडवणारे हात समुद्रापलीकडून, जहाजाच्या तळाशी साखळीत बांधून आणलेले होते.

ते हात बुरामाचे. तो मांडिंका लोकांचा भाट. त्याचं पिढीजात वाद्य जहाजावर चढवतानाच कुणीतरी दगडावर आपटलं. इथे उसाच्या मळ्यात त्याला तुंब्याचं झाड सापडलं. त्याचं भोपळ्यासारखं सुकं फळ त्याने कोरलं. मळ्याच्या मालकाच्या, गोऱ्या साहेबाच्या मेजवानीला कापलेल्या बोकडाचं फेकलेलं कातडं त्याने उचललं. घोड्याच्या शेपटीचे केस वळून तारा केल्या. पहिला सूर निघाला तेव्हा देवाचं नाव घेऊन तो रडला.

रविवारी चाबकाला सुट्टी असे. शेजारच्या झोपडीतला मालांडा काँगो देशाचा. तो ढोल घेऊन यायचा.

"बुरामा, तुझं गाणं ऐकून कोंबड्या पेंगल्या बघ! जरा पाय हलू देत की."

"आणि तुझा ढोल ऐकून बैल उधळले, त्याचं काय?"

असं भांडता भांडता एक नवीच चाल जन्मली. ती त्याच्या गावची नव्हती, याच्याही नव्हती. आसपासच्या मळ्यांतली माणसं ती ऐकायला येत. मुकादम तुमानी मात्र लांब बसे. तोही मांडिंकाच, लढवय्या सानेह घराण्यातला. पण साहेबाचा चाबूक त्याच्या हातात होता.

एकदा बुरामाची लेक न्याले पळाली. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी तिला पोटरी फाडून धरलं. गोऱ्या साहेबाने तिला घाण्याजवळच्या खांबाला बांधलं आणि पन्नास फटके फर्मावले. पन्नास म्हणजे मरणच, हे सर्वांना ठाऊक होतं.

तुमानी मारू लागला. पाचव्या फटक्याला कातडी फाटली. आठव्यानंतर न्यालेचं ओरडणं थांबलं. दहाव्याला बुरामा मला घेऊन पुढे आला आणि सानेह घराण्याच्या पूर्वजांची नावं गाऊ लागला.

आमच्यात भाटाने ज्याचे पूर्वज गायले, त्याने भाट मागेल ते द्यायचं असतं.

"गप, म्हाताऱ्या! इथे नको," तुमानीने चाबूक थांबवला.

"नावं गाऊन झाली, सानेहच्या लेकरा. आता माझं दान."

"...माग."

"हातातला चाबूक दे."

तुमानीने तो दिला. दोन्ही हातांनी दिला.

साहेबाला भाषा कळली नाही, देणं तेवढं दिसलं. त्याने पिस्तूल काढून तुमानीच्या कपाळात गोळी घातली. मग मला हिसकावून बुरामाच्या डोक्यावर हाणलं, तो हलायचा थांबेपर्यंत. मित्रांनो, ज्याने मला घडवलं त्याच्याच डोक्यावर मी फुटलो. याहून मोठं पाप माझ्या हातून झालं नाही.

मालांडाने ऊसतोडीच्या कोयत्याने आधी न्यालेचा दोर कापला. पुढचा घाव साहेबाच्या मानेवर बसला. घाणा पेटला आणि आम्ही डोंगरात शिरलो.

तिथे न्यालेने मला डिंकाने सांधलं. भाटांच्या लेकी गातात, तारांना हात लावत नाहीत. पण लावायला दुसरं उरलं होतं कोण? ती बोटं सोलवटून शिकली. सानेह घराणं गाताना शेवटी तिने तुमानीचं नाव जोडलं.

"ज्यानं पाठ सोलली, त्याचं नाव घेतेस?" मालांडा चिडला.

"दहा फटके त्याचेच, मालांडादादा. अकरावा मारला असता तर तो जगला असता."

आज मी एका भिंतीवर टांगलेला आहे. लोक मला मायेने पुसतात. मित्रांनो, नुसतं पुसू नका, वाजवा. वाद्य मुकं झालं की माणसंही पुसली जातात. न्यालेने पुष्कळांना गाण्यात ठेवलं, पण बापाला ठेवता आलं नाही. भाट आपल्या घरची नावं गात नसतो. म्हणून त्याची गोष्ट मी सांगितली. त्याचं नाव बुरामा.