जोडवी

मोज्याखाली जोडव्याचा बारीक उंचवटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आलेलं बोट... क्षिप्राने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. सिंगापूरच्या उकाड्यात मोजे घालून वुडलँड्सच्या त्या क्लिनिकात आलेली ती एकटीच असावी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ नाही तर पाय. साबण झाला, तेल झालं, जोडवी निघेनात. कापायची तर अपशकुन, असं तिने सारंगला सांगून टाकलं होतं. नवऱ्याला ते पटलंही. खरं तर सोनारापुढे हा पाय ठेवायची तिला लाज वाटत होती.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, चालताना दम लागतो का, आणि ती चटकन म्हणाली होती — छे, अजिबात नाही. हो म्हणायचं म्हणजे कबूलच करायचं, की वजन उतरावं म्हणून सोमवार धरणारी आणि त्याच सोमवारी साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेणारी बाई ती मीच. वाढलेल्या अंगाला रक्त पुरवता पुरवता हृदय थकतं, रक्तदाब चढतो, पायांत पाणी साठतं... डॉक्टर समजावत होते आणि ती शेजारणीचं दुखणं ऐकावं तशी मान डोलवत होती. घरी जाताना एमआरटी स्टेशनच्या पुलावर अर्ध्यात थांबली, फोन काढला, श्वास जागेवर येईपर्यंत त्याच्यावर अंगठा फिरवत राहिली. नेहमीचीच युक्ती. कुणाला कळत नाही, असा तिचा समज होता.

"आई, पुलावर थांबतेस तेव्हा तुझा फोन ऑनच नसतो," परवा गार्गी म्हणाली. "यू थिंक आय डोन्ट नो, इज इट?" म्हणून आज शाळेतून परस्पर लेकही आली होती, गणवेशातच.

"आंटी, सॉक्स ऑल्सो टेक ऑफ," आतल्या खोलीत नर्स म्हणाली. ईसीजीच्या क्लिपा घोट्यांना लावायच्या होत्या.

मोजे उतरले. घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ, काळी पडलेली चांदी मांसात रुतलेली... गार्गी बघत होती. क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्सने नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, आणि "वेट हं, आय कॉल डॉक्टर," म्हणून ती बाहेर गेली.

अंगठ्याच्या जागी खड्डा राहिला होता. क्षिप्राचा हात सवयीने सलवार खाली ओढायला गेला.

"आई," गार्गी म्हणाली, आणि घरी चार शब्द इंग्रजीत फेकणारी ती पोरगी चक्क निव्वळ मराठीत म्हणाली, "या वेळी खरं सांगशील ना?"

सांगेन, असं ओठावर आलं... पण छे, अजिबात नाही, हेही तिथेच तयार बसलं होतं, वर्षानुवर्षांचं, सराईत. सलवारीवरचा हात तिने काढून घेतला. खड्डा हळूहळू भरून येत होता. डॉक्टरांची चाहूल अजून नव्हती. तो भरू नये, ते येईपर्यंत तरी असाच राहावा, असं तिला फार वाटलं. स्वतःच्या तोंडाचा तिला भरवसा नव्हता.