खंडेनवमीची प्लेट

आमच्या लॅबमध्ये खंडेनवमीची पूजा मी सुरू केली. एकतीस वर्षांपूर्वी परळच्या या संस्थेत मी टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा इथे मशीनला कुणी साधं फूल वाहत नव्हतं. माझे बाबा, दगडू, लालबागच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते साचे पुसून घ्यायचे, तेल द्यायचे, हार घालायचे आणि नारळ फुटेपर्यंत काही चालू करू द्यायचे नाहीत. चालत्या मशीनला कुंकू लावायचं नाही, आधी तिला घटकाभर विसावा द्यायचा, हे मी त्यांच्याकडून घेतलं. पहिल्या वर्षी मी मायक्रोस्कोपला झेंडूचा हार घातला तेव्हा दोन शास्त्रज्ञ तोंडावर हसले. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातलाच एक पेढे घेऊन आला.

माझं तोंड चालतं, हे आधीच सांगून टाकते. पोरांनी पिपेट वाकडं धरलं तरी मी ओरडते. झाकण उघडं राहिलं तर आईबापांचा उद्धार करते. आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून पेशींची एक प्लेट बिघडली नाही, हे मी येता-जाता ऐकवत असे. त्यात खोटं काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

दीपिका आमच्याकडे पीएचडी करत होती, पाचवं वर्ष चालू होतं. ती कॉटन ग्रीनची. तिचे आजोबा बुधाजी तिथल्या एका कापसाच्या गोदामात हमाल होते. ते गोदाम पुढे बंद पडलं, आत राहिलेल्या गाठी कुजल्या आणि त्यांच्यावर काळपट हिरवी बुरशी धरली. ही मुलगी ती बुरशी डबीत भरून घेऊन आली. मी म्हटलं, "लोकांच्या मुली बाहेरून येताना गजरा आणतात, तू बुरशी आण." ती हसली आणि दोन वर्षं त्या बुरशीच्या मागे लागून तिने त्यातून एक पांढरा पदार्थ वेगळा काढला. चिमूटभर, पण शुद्ध.

तो काय करतो ते मला तिनेच समजावलं होतं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. त्यांच्या जोरावर पेशी आपला आकार धरते, पसरते, सरकते. कॅन्सरची पेशीही अशीच सरकत सरकत दुसरीकडे जाते. काही बुरश्या असा पदार्थ बनवतात, की तो या धाग्याच्या टोकाला जाऊन बसतो. मग धागा पुढे वाढत नाही, सांगाडा ढासळतो आणि पेशी आक्रसून गोळा होते. असे पदार्थ शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहेत. पण त्यांचा उपयोग फारसा होत नाही, कारण पदार्थ धुऊन काढला की तास-दोन तासांत धागे पुन्हा तयार होतात आणि पेशी पहिल्यासारखी होते.

दीपिकाच्या पदार्थाचं तसं नव्हतं. धुऊन काढल्यावरही धागे परत आले नव्हते. त्यावर तिचा अख्खा प्रबंध उभा होता.

तो प्रयोग खंडेनवमीला झाला. दीपिकाच्या घरची माणसं दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्या दिवशी दादरहून दुपारची गाडी होती. तिने सकाळी अकराला पेशींच्या दोन प्लेटींतून औषध धुऊन काढलं. बाजारात मिळणाऱ्या तसल्याच जुन्या औषधाची प्लेट नव्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटात ठेवली आणि तिच्या पदार्थाची जुन्यात. आमच्याकडे नियमच आहे, बुरशीचं जे काही असेल ते जुन्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्यात बुरशी शिरायला नको. बॅग खांद्याला लावून ती म्हणाली, "मावशी, एक वाजता दोन्हींत फॉर्मालिन घाला. बस, तेवढंच." फॉर्मालिन घातलं की पेशी त्या क्षणी जशी असेल तशी राहते. मग केव्हाही बघा.

मी एकाच्या ठोक्याला घातलं. माझ्या पद्धतीप्रमाणे वहीत वेळही लिहिली.

दसऱ्यानंतर ती आली, पेशी रंगवल्या, अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि आतूनच ओरडली. जुन्या औषधाच्या प्लेटमध्ये लाल धागे जिथल्या तिथे आले होते. तिच्या प्लेटमध्ये नुसते ठिपके. डॉक्टर प्रफुल्ल, म्हणजे आमचे सर, एरवी कुणाची पाठ थोपटत नाहीत. त्यांनी तिच्यासाठी खालून चहा मागवला. पुढचे पाच महिने नुसती धावपळ, तो प्रयोग पुन्हा करून बघायचं राहूनच गेलं. पदार्थाची रचना शोधण्यात बराचसा पदार्थ संपला. पुन्हा बनवावा तर ती बुरशी लॅबमध्ये वाढवून वाढवून आळसावली, पदार्थ देईनाशी झाली. एक छोटी कुपी उरली. ती उंदरांवरच्या प्रयोगासाठी दुसऱ्या शहरात पाठवायची होती.

मार्चमध्ये शुक्रवारी तिचं सगळ्यांसमोर सादरीकरण होतं. बुधवारी ती मला समोर बसवून तालीम करत होती. मावशीला कळलं तर सगळ्यांना कळेल, असं तिचं म्हणणं. मध्येच ती म्हणाली, "यात एकच सांभाळावं लागतं मावशी. पेशी सदतीस डिग्रीला पायजेत. गार पडल्या ना, तर धागे जुळतच नाहीत. औषध असो नायतर नसो."

मला एकदम खंडेनवमीची सकाळ आठवली.

त्या दिवशी धुतलेली प्लेट आत गेल्यावर पाचच मिनिटांत मी जुन्या इनक्युबेटरचं बटण बंद केलं होतं. पूजेसाठी. नव्याला हात लावायची सोय नाही, त्याचा अलार्म वाजतो. पण जुना माझ्या हातचा, एकतीस वर्षांचा सोबती. त्याला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांच्या पूजेला बोलावलं, तिथे गप्पा, प्रसाद; बटण एकपर्यंत बंदच राहिलं. त्याच्या दाराचं रबर केव्हाचं गेलेलं आणि खोलीत एसी. एकला मी प्लेट बाहेर काढली तेव्हा ती हाताला गार लागली होती. हे मला चांगलं आठवत होतं. मी मनात म्हटलं होतं, आता फॉर्मालिनच तर घालायचंय, काय फरक पडतो? आणि तेवढं मी वहीत लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी मी डबा उघडला नाही. जिन्यात जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर पहिला विचार असा आला, की हे कुणालाच ठाऊक नाही. मेमध्ये मी निवृत्त होणार. कदाचित पदार्थ खरंच तसा असेल. कदाचित गार पडल्याने काही झालंही नसेल. मुलीची पाच वर्षं मी कशाला मातीत घालू? आणि या सगळ्याच्या तळाशी दुसरंच होतं. ज्या पोरांना मी इतकी वर्षं झापलं, ती आता मला हसतील. याची मला लाज वाटली, पण भीती गेली नाही.

चार वाजता मी तिला सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं.

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "कुणाला बोललात?"

"नाही."

"सरांना?"

"तुलाच पहिल्यांदा."

ती खुर्चीत बसली. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण तासाभरापूर्वी माझ्याही मनात तेच चाललं होतं. मग ती उठली, फ्रीजरपाशी गेली आणि ती शेवटची कुपी काढली. मी म्हटलं, "अगं, ती पाठवायची आहे ना?"

"काय म्हणून पाठवू?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली.

गुरुवारी सकाळी आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी नियम मोडून दोन्ही प्लेटी नव्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. दोन तास मी त्याच्यासमोरून हलले नाही. दुपारी ती अंधाऱ्या खोलीत गेली. आतून काही आवाज येईना, म्हणून मी दार ढकललं. ती सरकून बसली आणि मला बघायला जागा दिली. दोन्ही प्लेटींत लाल धागे होते, सारखेच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं सुंदर काही मी कधी बघितलं नव्हतं आणि मला ते फोडून टाकावंसं वाटलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दीपिका, उद्या जुना निष्कर्ष मागे घे. इनक्युबेटर बिघडला होता, एवढं सांग. शेवंतीबाई दोन महिन्यांत जाणार, त्यांना कशाला मध्ये आणायचं?" त्यांनी ते माझ्या भल्यासाठी म्हटलं आणि मी मान खाली घालून हो म्हटलं.

बाहेर आल्यावर दीपिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "बिघडला नव्हता तो."

"मग खरं ते सांग. पूजेसाठी बंद केला म्हणून सांग."

"मी सांगू?" ती थांबली. "मावशी, मी दसऱ्याला कुठे गेले होते ते सगळ्यांना म्हाईत आहे. माझं आडनाव म्हाईत आहे. मी उभी राहून बोलले, की पूजेमुळे प्लेट गेली, तर लोक प्लेटबद्दल बोलतील असं वाटतं तुम्हाला?"

एकतीस वर्षं मी तिच्यासारख्या कितीतरी जणांच्या हातात प्रसाद ठेवला होता आणि हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवारी हॉल भरलेला होता. तिथे मी एरवी माईक लावायला आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला जाते. दीपिकाने सरळ सांगितलं, की माझा ऑक्टोबरचा निष्कर्ष चुकीचा आहे, पदार्थ धुतल्यावर धागे परत येतात. हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने विचारलं, "पण मग तेव्हा का नाही आले? प्लेट गार पडली असणार, मग ते लक्षात कसं आलं नाही? प्लेट कुणाच्या भरवशावर सोडलीस? हा सरळ निष्काळजीपणा आहे."

ती म्हणाली, "हो सर. इनक्युबेटर..." आणि थांबली. सरांनी तिला मान हलवून पुढे जायची खूण केली.

मी दाराशी उभी होते. "इनक्युबेटर मी बंद केला होता," मी म्हटलं. माईक नव्हता, पण माझा आवाज गिरणगावातला आहे. "खंडेनवमीच्या पूजेसाठी. जवळजवळ दोन तास. प्लेट गार लागली, तेही मला कळलं होतं. मी लिहिलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. हिने मला एक काम सांगितलं होतं, तेवढंच. हिचा निष्काळजीपणा नाही, माझा आहे."

सगळे मागे वळून बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने चष्मा काढून पुसला आणि दीपिकाला म्हणाला, "पुढे सांग, बेटा." ती पाणी प्यायली आणि तिने पुढची स्लाइड लावली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी हॉलमधल्या बाटल्या गोळा करत होते. ती आली आणि दुसऱ्या टोकापासून बाटल्या उचलू लागली. तिला आता आणखी दीड वर्ष लागणार होतं, बुरशीपासून पुन्हा सुरुवात, तेही मुदत वाढवून मिळाली तर. मी म्हटलं, "राहू दे गं, मी करते."

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते बरं केलंत. पण माझा राग गेला नाहीये."

"असू दे."

"जाईल की नाही, तेही म्हाईत नाही."

"असू दे," मी पुन्हा म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते तिच्यापासून लपवले नाहीत. आम्ही दोघींनी मिळून हॉल रिकामा केला.