तटाबाहेरचा स्वीडिश

"एगोन, मान खाली घाल, नाहीतर सगळी पेज आत जाईल!" तटावरून ट्राउडल ओरडली आणि तिने बादली उपडी केली. ओटची थंडगार पेज तिच्या नवऱ्याच्या पत्र्याच्या टोपावरून मिशांवर ओघळली. रंगीत तालीम बघायला थांबलेले पर्यटक खिदळले.

जर्मनीतल्या क्रेहेनएक गावाला इतिहासाचा भारी माज. सुमारे चारशे वर्षांपूर्वी स्वीडिश फौजेने गावाला वेढा घातला, बायकांनी तटावरून उकळती पेज ओतली, आणि स्वीडिश सरदाराने वेशीत गुडघे टेकून नगराध्यक्षाला तलवार दिली, असं हे लोक दर उन्हाळ्यात नाटक करून सांगतात. खरं तर यांच्या पूर्वजांनी वेस मुकाट्याने उघडून दिली होती. पराक्रम मागाहून कुणा शाळामास्तराने रचला. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याची लाज कुणालाही नाही.

नाटकाचा नियम असा, की तटाच्या आत जन्मलेल्यांनी गावकरी व्हायचं आणि उपऱ्यांनी स्वीडिश. दुसरं महायुद्ध संपल्यावर एगोन पिएत्रुष्का पोलंडकडे गेलेल्या सायलेशियातून निर्वासित आईच्या कडेवर इथे आला. पुढे त्याने गावातले निम्मे बॉयलर दुरुस्त केले, तटाच्या आतल्या मुलीशी लग्न केलं, म्हातारा झाला, तरी स्वीडिशच राहिला. मरण्याआधी एकदा वेशीच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, एवढीच त्याची हौस होती. उत्सव समितीचा अध्यक्ष गुंडलाख याने हिवाळ्यात बिअर पिता पिता शब्दही दिला होता, की यंदा नगराध्यक्ष तूच.

तालीम संपल्यावर गुंडलाख हात चोळत आला.

"एगोन, जरा अडचण झालीय रे. नगराध्यक्ष डॉक्टर झाइपेल करतायत."

"तो दातांचा डॉक्टर? त्याला म्युनिकहून येऊन वर्ष तरी झालं का?"

"पण घर तटाच्या आत घेतलंय ना त्यांनी! आणि झगा काय शोभतो त्यांना! खरं सांगू, तुझ्यासारखा स्वीडिश दुसऱ्या कुणाला जमत नाही."

"जमणारच," एगोन म्हणाला. "जन्मभर दुसरं करू कुठे दिलंत?"

घरी ट्राउडलने भांडी आदळली. "मी नाही जायची त्या तटावर. खड्ड्यात गेलं त्यांचं नाटक!"

"जा गं. नाहीतर म्हणतील, पिएत्रुष्काने बायकोही बिघडवली." एगोनला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून तो मिशा धुवायला गेला.

रविवारी वेशीत माणसांची दाटी झाली. एगोन पायऱ्यांपर्यंत आला, तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली आणि उभाच राहिला. वर झाइपेल झगा सावरत थांबला होता. बँडवाले एकमेकांकडे बघू लागले.

"टेका ना गुडघे," झाइपेल पुटपुटला. "दुखतायत का?"

"नाही. ठणठणीत आहेत."

शेवटी डॉक्टरच दोन पायऱ्या उतरला आणि वाकून तलवार घेतली. नाटक असंच असावं असं वाटून पर्यटकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

गावाने यातून काय शिकावं? फोटो झकास आले, एवढंच. समितीने ठराव केला, आणि नव्या माहितीपत्रकात छापून आलं, की स्वीडिश सरदाराने ताठ उभं राहून तलवार दिली. या लोकांना इतिहास बदलायला एक बैठक पुरते. ते पत्रक एगोनने पाहिलं नाही. तो जानेवारीत न्यूमोनियाने गेला.

पुढच्या उन्हाळ्यात सरदार झाला नझीर. तो सीरियातल्या अलेप्पोहून आलेला, बेकरीत कामाला होता.

"ताठ उभा राहा! हनुवटी वर!" गुंडलाख त्याला शिकवत होता. "आमच्या इतिहासात तसंच आहे."

गुंडलाख वळल्यावर नझीरने शेजारी उभ्या ट्राउडलला हळूच विचारलं, "आजी, असा सरदार खरंच होता का हो?"

"होता," ट्राउडल म्हणाली. "माझा नवरा होता तो."