मयताचा बर्फ

लादीच्या पोटात एक मुंगी होती. साच्यात पाणी भरताना पडली असेल बिचारी, आणि पाय पोहायच्या बेतात असतानाच सगळं थांबलं असेल... ऑनेलिओ पेगेरो हातातला चिमटा तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. मासळीवर टाकायची लादी असती तर त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ही मयताची होती, आणि मयताचा बर्फ नितळ हवा असं बाबा म्हणायचे — मेलेल्याच्या घरी लोकांना नजर ठेवायला जागा नसते, ते खाटेखालच्या बर्फाकडेच बघत बसतात.

त्याने ती लादी बाजूला सारून दुसरी ओढली. काचेसारखी, मधोमध एक पांढरी शीर.

"पावती," वकील बाल्बुएना सकाळी फोनवर म्हणाला होता, घासाबरोबर शब्दही चावत. "नगरसेवकसाहेब, सोमवारी निवडणूक मंडळापुढे सुनावणी आहे. तक्रार काय, तर नगराध्यक्षपदाचा उमेदवार मयताच्या घरी फुकट बर्फ देऊन मतं गोळा करतो. तेव्हा सोमवारपर्यंत कुणीही मरो, पैसे घ्यायचे, पावती फाडायची. नाहीतर तुमचा अर्ज बाद झालाच समजा." आणि जरा थांबून, "देव करो आणि कुणीतरी मरो. एक पावती हातात असली की मला तोंड उघडायला बरं."

देवाने एवढ्या तत्परतेने वकिलाचं ऐकल्याचं उदाहरण कालेता गावात दुसरं नसेल. गल्ल्यासमोर मिगेलिना उभी होती. डोक्यावर नगराध्यक्षांच्या पक्षाची टोपी — पहाटेच प्रचाराला निघाली असणार, आणि निरोप आल्यावर टोपी काढायचं राहून गेलं असणार. तिचा बाप, म्हातारा निकासिओ, जाळं विणता विणता गेला होता. भाऊ न्यूयॉर्कहून उद्या संध्याकाळी पोचणार. तोवर म्हाताऱ्याला बर्फावर थांबणं भाग होतं.

"तीन लाद्या," ती म्हणाली आणि चुरगळलेल्या नोटा गल्ल्यावर ठेवल्या. "आणि हे पैसे. तुझं फुकटचं नको, बर्फवाल्या. उद्या गावभर सांगशील, मिगेलिनाचं मत तीन लाद्यांत पडलं म्हणून."

गल्ल्यावर बसलेल्या आईचा, एर्सिलियाचा हात नोटांकडे गेला आणि वाटेतच थांबला.

घे, घेऊन टाक... विरोधकांच्या कार्यकर्तीने स्वतःच्या हाताने मोजून दिलेले पैसे! असली पावती बाल्बुएनाने चौकटीत घालून भिंतीवर टांगली असती. आणि नाही घेतले तर? तरीही तोटा नाहीच — संध्याकाळपर्यंत डॉमिनो खेळणाऱ्यांच्या प्रत्येक टेबलावर हेच, की पोराने वैऱ्याच्या बापालाही फुकट बर्फ दिला, आपल्या बापाच्या वळणावर गेला. म्हणजे घेतले तर अर्ज वाचतो, नाही घेतले तर मतं वाढतात, दोन्हीकडून जमाच... आणि त्या जमेचाच त्याला संताप आला. कारण तक्रार अगदीच खोटी नव्हती. चार वर्षं तो प्रत्येक मयताच्या घरी मतं मोजत आला होता. उंबऱ्यावर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच — ओसरीवरचे हे आपले, चुलीपाशी बसलेल्या त्या डळमळीत, रडणारी ती मागच्या वेळी तिकडे गेलेली... मी मोजतो. प्रेताला हात जोडतानाही मोजतो. बाबा असे नव्हते. बाबा संत होते, सगळं गाव म्हणतं.

"काय करायचं, आई?"

आईने नोटांवरची नजर काढली नाही. "मला काय विचारतोस? तुझा बाप असता तर म्हणाला असता, बर्फ उचल आणि चालू लाग."

"बाबांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या मनात—"

"त्याच्या मनात!" आई फस्सकन हसली. "तू काय बघितलंस त्याचं मन? तुझा आजोबा गेला तेव्हा हा कारखाना दुसऱ्याचा होता. त्याने रोख मागितले. पंधरा वर्षांच्या तुझ्या बापाने पायातले बूट काढून ह्याच फळीवर ठेवले, आणि त्या माणसाने ते ठेवून घेतले!"

"ते माहीत आहे मला."

"पुढचं नाही माहीत. तो माणूस मेला, तेव्हा तुझ्या बापाने त्याच्याही घरी फुकट पाठवला. सगळ्यात मोठ्या लाद्या. मी म्हटलं, तेलेस्फोरो, केवढी रे दया! तर म्हणतो कसा, दया गेली खड्ड्यात, एर्सिलिया. कळू दे त्याला."

मिगेलिनाला इतक्या दुःखातही हसू आलं, आणि ते लपवायला तिने टोपी पुढे ओढली.

कळू दे त्याला... म्हणजे चाळीस वर्षं गावाने ज्याला पुण्य म्हणून हात जोडले, ती एका अनवाणी पोराची जिद्द होती. बाबाही मोजत होते तर — एकाच माणसाला, पण जन्मभर. आणि तरी बर्फ बर्फच होता. मेलेल्यांना तो तेवढाच गार लागला असेल.

त्याने नोटा मागे सरकवल्या.

"मी मत देणार नाही तुला," मिगेलिना म्हणाली.

"नको देऊस."

"पाडणार आहे मी तुला. घरोघर जाऊन."

"पाड ना. आधी हातगाडी धर."

दोन लाद्या गोणपाटात गुंडाळून गाडीवर ठेवल्या, तिसरी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली. मागच्या गल्लीने गेलं असतं तर कुणी पाहिलंही नसतं, आणि बर्फासारखा सोयीचा पुरावा नाही, उद्यापर्यंत त्याचं पाणी... पण तो हमरस्त्यानेच निघाला, भर दुपारी, नगराध्यक्षांच्या कचेरीवरून. पुढे टोपी घातलेली मिगेलिना गाडी ढकलत होती, मागे तो, पाठीवरून पाणी ओघळत होतं. कचेरीच्या पायरीवर एकाने फोन उगारला. ऑनेलिओ थांबला, सावकाश खांदा बदलला, लादी नीट दिसेल अशी फिरवली.

"आलं का पूर्ण चित्रात?" त्याने विचारलं. "नाहीतर परत चालतो."

निकासिओच्या घरी परात खाटेखाली मांडलेलीच होती. लाद्या रचेपर्यंत बोटं मेली. बर्फ आणणाऱ्याच्या हातात आल्याच्या चहाचा पेला द्यायचा असतो, तसा मिगेलिनाने दिला. पेला हातात आहे हे त्याला डोळ्यांनी बघून कळलं. डोळे वर गेले ते सवयीने फिरले — ओसरी, चूल, खिडकीतल्या बायका... या घरात त्याचं एकही मत नव्हतं. त्याने पुन्हा मोजलं. नव्हतंच. ना लाज वाटली, ना हळहळ.

खिशात फोन थरथरू लागला. बाल्बुएनाच असणार, चित्र पोचलं असणार.

"सोमवारी बाद केलं तुला तर?" मिगेलिनाने हळूच विचारलं.

"तर तुला मला पाडता येणार नाही."

"तेच म्हणते मी," ती चिडून म्हणाली. "माझी सगळी मेहनत फुकट."

फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. त्याने पेला तसाच धरून ठेवला. आधी करंगळीत, मग एकेका बोटात मुंग्या चालू लागल्या, आणि ते चांगलंच दुखत होतं.