गणितात न सांगितलेली गोष्ट

आमच्या हायस्कूलमध्ये गणित विभागाचा प्रमुख आहे माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि ग्रंथालय सांभाळते मी. घरात मी मोठी, शाळेत तो मोठा. दहावीला मी गणितात दोनदा नापास झाले, तेव्हा पाचवीत असलेला हा दीडशहाणा माझ्या मैत्रिणींसमोर मला सतराचा पाढा विचारायचा. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे तयारी वर्ग असतो. आठवी संपवून नववीला येणाऱ्या मुलांसाठी सहा आठवडे. वाचायला गोष्टींची दोन पुस्तकं आणि सोडवायला गणिताची एक जाडजूड पुस्तिका. शेवटी चाळीस मार्कांची परीक्षा. पंचवीस किंवा वर मिळाले तर गणित-विज्ञानाची तुकडी. कमी मिळाले तर साधी तुकडी, जिथे बीजगणित शिकवतच नाहीत, म्हणजे पुढे इंजिनियरिंगचं नाव काढायला नको. चौदाव्या वर्षी पोरांच्या तोंडावर दार लावून घ्यायची ही पद्धत मला कधीच पटली नाही, पण मला विचारतो कोण?

या वर्षी भावाच्या वर्गात जागा चाळीस आणि मुलं आली सत्तेचाळीस. त्याने जुन्या शाळेचे मार्क बघितले, तळातली सात मुलं वेगळी काढली आणि माझ्याकडे पाठवली. म्हणाला, ताई, तुझ्याकडे पंखे चांगले आहेत, बसतील वाचत. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण सात पोरं दप्तरं घेऊन दारात उभी होती, त्यांच्यासमोर काय बोलणार? या म्हटलं, बसा.

त्या सातांत एक मुलगी होती. तिचं नाव मी पहिल्याच दिवशी एक्सप्रेस ठेवलं, कारण मधली स्टेशनं ती घ्यायचीच नाही. पुस्तिकेतली दहा गणितं तिने बारा मिनिटांत उडवली आणि वही माझ्यापुढे आपटली. मागची उत्तरं ताडून पाहिली तर सात चुकलेली. मला गणित येत नाही, त्यामुळे कुठे चुकलं ते सांगायची सोय नव्हती. मला एवढंच विचारता आलं की पहिल्या गणितात होतं काय?

"दोनशे चाळीस आणि सहा होतं, बाई," ती म्हणाली.

अगं, ते दोनशे चाळीस काय होते? माणसं, मीटर, लाडू? तिला माहीत नव्हतं. बाकीच्या सहांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. गणितातले आकडे तेवढे वेचून घ्यायचे, त्यांचा गुणाकार नाहीतर भागाकार करायचा आणि जे सरळ येईल ते लिहून मोकळं व्हायचं, असा सगळ्यांचा कारभार. मी कपाळाला हात लावला. पण मनातून मला जरा बरंही वाटलं. या पोरांचं गणित नव्हतं चुकत, वाचन चुकत होतं. आणि वाचनातलं मला कळतं.

मी सातही पेन्सिली गोळा केल्या आणि खणात टाकून कुलूप लावलं. पहिले आठ दिवस कुणी काही सोडवायचं नाही. गणित मोठ्याने वाचायचं, पुस्तिका मिटायची आणि त्यात काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. एक्सप्रेस नुसती फणफणली. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जाऊन मशीनच्या खोलीत बसायची. बाबा दुरुस्त करतात, मी नव्या बनवणार, हे तिचं ठरलेलं होतं, आणि त्यासाठी गणिताची तुकडी हवीच होती. आठ दिवस पेन्सिल नाही म्हणजे आपलं वाटोळं झालं, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, झालंच आहे, आता आणखी काय व्हायचंय? बस खाली.

सकाळी गणितं आणि दुपारी गोष्टीची पुस्तकं, असं आमचं चाले. गोष्ट वाचताना मी मध्येच थांबवायची आणि विचारायची, लेखकाने आपल्याला अजून काय सांगितलेलं नाही? दारावर टकटक झाली, पण बाहेर कोण आहे ते सांगितलेलं नाही. बाईने पत्र फाडलं, पण आत काय होतं ते सांगितलेलं नाही. पोरांना हा खेळ इतका आवडला की तिसऱ्या दिवशी ती गणितांनाही तोच प्रश्न विचारायला लागली. टाकीत पाणी किती होतं ते सांगितलंय, नळ किती वेगाने भरतो ते सांगितलंय, टाकी केव्हा भरेल ते सांगितलेलं नाही. मग तेच शोधायचं असणार!

मग बीजगणिताचं पान आलं. क्ष बघितला की मला अजूनही दहावीचा हॉल आठवतो. पण एक्सप्रेसच म्हणाली की बाई, हा तो दाराबाहेरचा माणूस आहे. नाव कळेपर्यंत आपण त्याला दाराबाहेरचा माणूस म्हणतो आणि गोष्ट पुढे वाचतो, तसंच. मी त्या पानाकडे बघतच राहिले. बावन्नाव्या वर्षी मला क्ष कळला, आणि तो कुणी सांगितला, तर तळातून काढलेल्या पोरीने.

मध्ये एकदा भाऊ डोकावून गेला. टेबलावर गोष्टीची पुस्तकं, पेन्सिलीचा पत्ता नाही आणि पोरं तावातावाने भांडताहेत. ताई, कथाकथन जोरात आहे, म्हणाला आणि हसत निघून गेला. मी दात खाऊन पोरांना पुढचं गणित वाचायला लावलं.

परीक्षा झाली. तिसऱ्या दिवशी ऑफिसबाहेरच्या फलकावर यादी लागली, मार्कांच्या क्रमाने. माझ्या सातांपैकी दोघांची नावं होती. एक्सप्रेसचं नव्हतं. शेजारी लावलेल्या प्रश्नवार मार्कांच्या तक्त्यात तिला बावीस होते.

ती ग्रंथालयात आली आणि तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "बाई, खुर्च्यांच्या गणिताला शून्य दिलंय. पण ते बरोबर होतं."

खरं सांगते, क्षणभर माझाच विश्वास बसला नाही. गणितात दोनदा आपटलेली बाई मी, गणिताच्या प्रमुखापुढे माझी काय टाप? तरी तिला म्हटलं, मला गणित सांग. तिने शब्दन् शब्द सांगितलं. एका सभागृहात खुर्च्यांच्या अठरा रांगा आहेत. प्रत्येक रांगेतून चार खुर्च्या काढून टाकल्या. उरलेल्या खुर्च्या नऊ-नऊच्या नव्या रांगांत लावल्या. तर नव्या रांगा किती झाल्या?

मी मनातल्या मनात गोष्ट परत चालवली आणि खुर्चीवरून उठलेच. मी तिचा हात धरला आणि तडक भावाच्या खोलीकडे निघाले.

मुख्याध्यापिकाबाईही तिथेच बसल्या होत्या. खुर्च्यांच्या गणिताचं काय, म्हणून मी विचारलं, तर भाऊ उखडलाच. पाच मार्कांचा सोपा प्रश्न, आणि अख्ख्या बॅचमध्ये एकालाही आला नाही. जवळपास सगळ्यांनी आठ लिहिलंय, म्हणजे गाढवांनी काढलेल्याच खुर्च्यांच्या रांगा लावल्या. अठरा चोक बहात्तर, भागिले नऊ. आणि तुझ्या पाच पोरांनी तर कहर केला, सांगता येत नाही म्हणून चक्क निबंध लिहिलेत. बरोबर उत्तर सोळा आहे, सोळा.

मी म्हटलं, "पेन खाली ठेव. आणि हे गणित मला तुझ्या शब्दांत सांग. कागदाकडे न बघता."

मुख्याध्यापिकाबाई हसल्या. तो वैतागला, पण मोठ्या बहिणीपुढे करतो काय, बोलायला लागला. अठरा रांगा आहेत. प्रत्येक रांगेत बारा खुर्च्या. त्यातल्या चार...

"बारा कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

त्याने कागद ओढला. एकदा वाचला, परत वाचला, मग उलटा करून मागेही बघितलं. टाइप करताना ऑफिसात एक ओळ गळली होती. छापून आल्यावर त्याने आकडे तपासले होते, पण प्रश्न वाचला नव्हता. आपलंच गणित, पाठ असलेलं, कशाला वाचायचं? चाळीस पोरांनी आकडे वेचले, भागाकार सरळ आला म्हणून आठ लिहिलं. आणि तपासताना त्याने स्वतःच्या उत्तरसूचीतला सोळा तेवढा बघितला.

त्याने गठ्ठ्यातून एक्सप्रेसचा पेपर काढला आणि या वेळी तो शेवटपर्यंत वाचला. तिने लिहिलं होतं: एका रांगेत आधी किती खुर्च्या होत्या ते सांगितलेलं नाही, म्हणून उत्तर सांगता येत नाही. ती संख्या क्ष धरली, तर नव्या रांगा २(क्ष − ४) होतील.

मग भावाने तिच्याकडे बघून विचारलं, "आणि क्ष बारा असेल तर?"

"सोळा," ती म्हणाली. एका दमात.

मुख्याध्यापिकाबाईंना भानगड नको होती. प्रश्नच रद्द करून टाकू, म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ज्यांनी वाचलं आणि ज्यांनी वाचलं नाही, ते सगळे सारखेच? मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊच म्हणाला, नाही. आठ लिहिणाऱ्यांना शून्य होतं आणि शून्यच राहील, कारण त्यांनी रांगा लावल्या त्या काढून टाकलेल्या खुर्च्यांच्या. या पाच मुलांना पूर्ण मार्क मिळतील. चूक माझी आहे, ती मी फलकावर लिहीन. अरे वा! जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या भावाचा मला अभिमान वाटला.

एक्सप्रेसचे सत्तावीस झाले. दुसऱ्या एका मुलाचे बरोबर पंचवीस झाले, तोही आत आला. पाचांतले दोघे आधीच यादीत होते, उरलेला पोरगा चोवीसवर अडकला. त्याच्यासाठी मी भावाशी अजून भांडते आहे आणि जिंकल्याशिवाय सोडणार नाही.

आम्ही फलकापाशी गेलो. भावाने यादीच्या तळाशी पेनाने तिचं नाव लिहिलं, खाली त्या मुलाचं लिहिलं, आणि खुशीत तिच्याकडे वळला. दुसरी कुणी असती तर पाया पडून पळाली असती. ही तिथेच उभी राहून वरपासून एकेक नाव वाचत खाली आली.

"सर, यादी मार्कांप्रमाणे आहे ना?" तिने विचारलं.

तो म्हणाला, हो.

"मग माझे सत्तावीस आहेत. माझ्या वर सव्वीसवाले आणि पंचवीसवाले लिहिलेत."

भावाने माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरत नव्हतं. त्याने पिना काढल्या, यादी उतरवली, क्लार्कच्या टेबलाशी बसला आणि पहिल्या नावापासून सगळी यादी पुन्हा लिहायला घेतली. ती शेजारी उभी राहून शेवटचं नाव होईपर्यंत बघत होती. मी मागे उभी राहून घळाघळा रडत होते, आणि भावाने ते बघितलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

नवी यादी लागली. तिने ती परत एकदा वरपासून वाचली, आपल्या नावापाशी बोट ठेवलं आणि मगच बाबांना फोन लावला.

"बाबा," ती म्हणाली, "एकोणिसावी."